वजन किती आहे आणि किती वाटतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजनाबद्दल बोलायला येणारा माणूस सुरुवात आहारापासून करतो. काय खाऊ, काय सोडू, किती चालू. पाचेक मिनिटं गेली की आवाज खाली येतो आणि खरा प्रश्न बाहेर पडतो: "मी खरंच जाड आहे का हो?" किंवा "सगळे म्हणतात बारीक आहेस, मग मला असं का वाटतं?" पुन्हा पुन्हा येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरात वजनकाटा आहे, आरसा आहे. मग "मला काय वाटतं" याला एवढं महत्त्व कशाला?

काटा आकडा सांगतो. तो आकडा जास्त, कमी की ठीक, हे आपण ठरवतो. ठरवताना शेजारी कोण उभं आहे, लहानपणी कुणी काय म्हटलं होतं, आजचा दिवस कसा गेला, हे सगळं मध्ये येतं. एकाच उंचीच्या, एकाच वजनाच्या दोन बहिणी समजा. एकीला आपण खात्यापित्या घरच्या दिसतो असं वाटतं, दुसरी चारचौघांत सतत पोटावरचा कपडा सारखा करत राहते. पहिली पोहायला जाते. दुसरीलाही पोहायला आवडतं, पण ती जात नाही. दहा वर्षांनी दोघींच्या तब्येतीत जो फरक दिसेल, त्याचं मूळ काट्यावरच्या आकड्यात सापडणार नाही.

२. माझं वजन खरंच जास्त आहे की मलाच तसं वाटतंय, हे कसं ओळखू?

अंदाज बाजूला ठेवा आणि मोजा. पहिलं माप बीएमआय: किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ७० किलो आणि १.६५ मीटर असेल तर उत्तर साधारण २५.७ येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत १८.५ च्या खाली कमी वजन, २५ पासून जास्त वजन आणि ३० पासून लठ्ठपणा. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी आकड्यापासूनच वाढू लागतो. म्हणून २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवले गेले.

दुसरं माप कमरेचं, आणि माझ्या मते घरी करण्यासाठी तेच जास्त उपयोगी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर घेर ८२ च्या आसपास किंवा खाली हवा.

बीएमआयच्या मर्यादाही लक्षात ठेवा. ॲडॉल्फ केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात हे सूत्र मांडलं ते लोकसंख्येचा अभ्यास करण्यासाठी. त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव मिळालं १९७२ मध्ये, अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्याकडून. स्नायू किती, चरबी किती, चरबी कुठे साठली आहे, यातलं काहीही हे सूत्र सांगत नाही. त्यामुळे दोन्ही मापं घ्या, रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासून घ्या आणि मग मत बनवा.

३. इतक्या लोकांचा अंदाज चुकतो तरी कसा? आपलंच तर शरीर आहे.

डोळ्यांना सवय लागते. आपण स्वतःची तुलना मापाच्या पट्टीशी करत नाही, आजूबाजूच्या माणसांशी करतो. सगळ्यांचीच वजनं हळूहळू वाढली की वाढलेलं वजनच नेहमीचं वाटू लागतं. ब्रिटनमध्ये १९९९ आणि २००७ अशा दोन पाहण्या झाल्या. मधल्या काळात लोकांची वजनं वाढली होती. तरीही जास्त वजनाच्या गटातल्या ज्यांनी स्वतःला बरोबर ओळखलं, त्यांचं प्रमाण ८१ टक्क्यांवरून ७५ वर आलं.

सवय उलट्या बाजूनेही लागते. प्रयोगांत लोकांना काही मिनिटं फक्त सडपातळ शरीरांची चित्रं दाखवली, तर त्यानंतर साधं शरीरही त्यांना जाड वाटतं. काही मिनिटांत एवढं होत असेल, तर दिवसभर पडद्यावर निवडक आणि घासूनपुसून गुळगुळीत केलेली शरीरं पाहून काय होत असेल याचा विचार करा.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण फिजीचं. तिथे भरलेलं, दणकट शरीर चांगलं मानलं जायचं. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर या संशोधिकेने त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये किशोरवयीन मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवायला मुद्दाम उलटी करणारी मुलगी १९९५ च्या गटात एकही नव्हती. तीन वर्षांनंतरच्या गटात हे प्रमाण ११.३ टक्के होतं. एवढ्या काळात मुलींची शरीरं बदलली नव्हती, त्यांच्यासमोरचा नमुना बदलला होता.

४. आपलं वजन जास्त आहे हे एकदा कळलं की माणूस आपोआप सुधारतो ना?

असं वाटणं साहजिक आहे. अनेक आरोग्य मोहिमा याच समजुतीवर उभ्या राहिल्या: लोकांना कळत नाही, कळवा, मग ते बदलतील. मी स्वतः बराच काळ असंच समजत होतो.

२०१५ मध्ये संशोधक एरिक रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या तीन दीर्घकालीन अभ्यासांची माहिती तपासली. सुमारे १४ हजार माणसं, वर्षानुवर्षांच्या नोंदी. स्वतःला जाड समजणाऱ्यांचं वजन पुढच्या वर्षांत इतरांपेक्षा जास्त वाढलेलं निघालं. ते सुरुवातीला खरोखर जाड होते की नव्हते, याने फारसा फरक पडला नाही. या वाढीचा काही भाग ताण आला की जास्त खाण्याच्या सवयीशी जोडलेला होता.

हे कसं होतं, याचा अंदाज २०१४ च्या एका प्रयोगातून येतो. विद्यार्थिनींना एक लेख वाचायला दिला. काहींच्या हातात जाड लोकांना नोकरी मिळायला त्रास होतो असं सांगणारा लेख होता, काहींच्या हातात दुसऱ्या विषयावरचा. मग समोर खाऊ ठेवला. पहिला लेख वाचून जास्त खाल्लं ते स्वतःला जाड समजणाऱ्या मुलींनी. खाण्यावर आपला ताबा राहणार नाही, असंही त्यांनाच जास्त वाटलं. प्रत्यक्ष वजनापेक्षा स्वतःबद्दलची समजूत इथे जास्त बोलत होती.

रोजच्या जगण्यात हे असं घडतं. आपण जाड आहोत ही जाणीव लाज घेऊन येते. लाज ताण वाढवते. ताणात झोप बिघडते, गोड-तळलेल्याची ओढ वाढते, लोकांसमोर घाम गाळायला नको वाटतं. मग सोमवारपासून कडक उपास, गुरुवारी तो मोडतो, "जाऊ दे, आता मोडलाच आहे" म्हणत रविवारपर्यंत वाटेल ते खाणं, आणि पुन्हा सोमवार. ज्यांना हे चक्र ओळखीचं वाटेल त्यांच्यात इच्छाशक्ती कमी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. प्रत्येक सोमवारी नव्याने सुरू करायला इच्छाशक्तीच लागते. मोडते ती पद्धत.

५. म्हणजे वजन जास्त आहे हे न कळलेलंच बरं?

नाही, आणि प्रश्न ४ वाचून हा निष्कर्ष काढू नका. ज्याला आपल्या वजनाचा अंदाजच नाही, तो साखर तपासायला जात नाही, रक्तदाब मोजून घेत नाही. थोडासा बदल किती मोठं काम करतो हे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. साखर वाढू लागलेल्या लोकांनी वजन सुमारे ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करणं एवढंच उद्दिष्ट ठेवलं होतं. जवळपास तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ९० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे सहा-साडेसहा किलो. आरशात तो तरीही जाडच दिसेल, आणि तरीही त्याच्या शरीराला मोठा फायदा झालेला असेल.

माहिती हवीच. ती कशी मिळते यावर पुढचं ठरतं. "तुमच्या कमरेचा घेर इतका आहे, त्यामुळे साखर तपासू या" या वाक्याने माणूस कामाला लागतो. "किती सुटलायस!" याने तो जेवणाच्या ताटावरून उठतो आणि रात्री एकटा खातो.

६. पण टोचून बोललं की जिद्द पेटते. माझ्या बाबतीत तसंच झालं. मग इतरांना का नाही?

तुमच्या बाबतीत झालं असेल, मी ते खोटं ठरवत नाही. पण ज्यांचं उलटं झालं ते सांगायला पुढे येत नाहीत, म्हणून तुमच्यासारख्यांच्या गोष्टी जास्त ऐकू येतात.

मोठ्या गटांची नोंद वेगळं सांगते. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या सुमारे तीन हजार लोकांच्या अभ्यासात, वजनावरून अपमान किंवा भेदभाव झाल्याचं सांगणाऱ्यांचं वजन चार वर्षांत सरासरी ०.९५ किलोने वाढलं. बाकीच्यांचं ०.७१ किलोने घटलं. अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या पण असा भेदभाव सोसलेल्या लोकांमध्ये चार वर्षांनी लठ्ठ होण्याची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. असे अभ्यास कारण आणि परिणाम पक्के सिद्ध करत नाहीत, पण टोमण्याने फायदा होतो याचा पुरावा त्यांत कुठेच नाही.

घरातल्या मोठ्यांना एक विनंती. भेटल्याबरोबर "बारीक झालीस गं" किंवा "अंग धरलंस की" असं म्हणायची आपल्याला सवय असते, त्यामागे मायाच असते. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात ते वाक्य वर्षानुवर्षं राहतं. "कशी आहेस?" एवढं पुरतं.

७. तीन आठवडे रोज चालतोय, काटा हलत नाही. मग उपयोग काय?

अनेकांच्या चांगल्या सवयी इथेच तुटतात. चालणं वजनासाठी आहे असं मनाशी ठरवलेलं असतं. वजन हललं नाही की चालण्याचं कारणच संपतं.

चालण्याने मिळणाऱ्या बऱ्याच गोष्टी काट्यावर दिसतच नाहीत. रक्तदाब उतरतो, इन्सुलिनला शरीर जास्त चांगला प्रतिसाद देतं, झोप लागते, मन हलकं होतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १२ हजार प्रौढांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चार सवयी पाहिल्या होत्या: भाज्या-फळं भरपूर खाणं, नियमित व्यायाम, धूम्रपान न करणं, दारू बेताची असणं. यातली एकही सवय नसणाऱ्यांमध्ये लठ्ठ लोकांचा मृत्यूचा धोका बराच जास्त होता. चारही सवयी असणाऱ्यांमध्ये मात्र सडपातळ आणि लठ्ठ यांच्यातला फरक जवळपास मिटला होता.

त्यामुळे मोजायचंच असेल तर दुसरं काही मोजा: किती दिवस चाललात, किती जिने न थांबता चढता येतात, रात्री किती तास झोपलात, महिन्याने रक्तदाब किती. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवते. या शिफारशीत वजनाचा आकडा कुठेच नाही.

८. रोज वजन करावं की करू नये?

स्वभावावर अवलंबून आहे. बरंच वजन उतरवून ते टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. त्यातले बहुसंख्य लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. काट्याकडे ते रस्त्यावरच्या मैलाच्या दगडासारखं पाहत असतील तर छान.

पण सकाळचा आकडा जर दिवसभराचा मूड ठरवत असेल, अर्धा किलो वाढलं म्हणून दुपारचं जेवण टळत असेल, तर काटा काही आठवडे कपाटात ठेवा. वजन एका दिवसात किलो-दोन किलो सहज खालीवर होतं. ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर; तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, की आकडा बदलतो. चरबी तेवढीच असते. (खाण्याच्या विकारातून जात असाल किंवा गेला असाल, तर काट्याबाबत स्वतः ठरवू नका, उपचार करणाऱ्यांना विचारा. प्रश्न १० पाहा.)

९. मी बारीक आहे. मला काहीही खाल्लं तरी चालतं ना?

अंगाला लागत नाही म्हणजे शरीराला लागत नाही असं नसतं. हात-पाय काटकुळे आणि पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी, अशी माणसं पुष्कळ असतात. त्यांचा मधुमेह उशिरा सापडतो, कारण त्यांना स्वतःला शंका येत नाही, कधी कधी डॉक्टरांनाही नाही. "तुला काय, तू बारीक आहेस" हे वाक्य लहानपणापासून ऐकलेला माणूस चाळिशीत पहिल्यांदा रक्त तपासतो. कमरेचा घेर मोजा (प्रश्न २), ताकदीचा व्यायाम करा, धूम्रपान करत असाल तर सोडा.

१०. मोजमापाने वजन ठीक आहे, सगळे बारीकच म्हणतात, तरी मला मी जाडच दिसते. मी जेवणं टाळते. यात काही गंभीर आहे का?

असू शकतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक जुनी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात प्रश्न २ मधल्या अँसेल कीज यांनीच उपासमारीचा प्रयोग केला. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने आले होते. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. तरीही त्यांतल्या काहींना आपण फार बारीक झालोय असं वाटेना, उलट बाहेरची माणसंच जाड दिसू लागली. सगळ्यांच्या डोक्यात रात्रंदिवस अन्नाचे विचार. स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसणं, एकेक जेवण तासन्‌तास लांबवणं, चिडचिड, एकटेपण. ही माणसं प्रयोगाआधी मनाने पूर्ण ठीक होती. उपाशी मेंदू शरीराचं मोजमाप नीट करत नाही, हे यातून मला कळलं. जेवण टाळल्याने स्वतःकडे पाहण्याची नजर सुधारेल ही आशा म्हणूनच धरू नका. ती आणखी बिघडण्याची शक्यता जास्त.

पुढचं काही होत असेल तर वाट पाहू नका: पाळी थांबणं, चक्कर, सतत थंडी वाजणं, केस गळणं, जेवल्यावर मुद्दाम उलटी, जुलाबाच्या गोळ्या, चारचौघांत जेवायचं टाळणं, भरपाई म्हणून थकेपर्यंत व्यायाम, किंवा एका बैठकीत ताबा सुटून खाणं. डॉक्टरांकडे जा आणि मानसोपचारतज्ज्ञांचं नाव विचारा. खाण्याचे विकार फक्त हाडं दिसणाऱ्यांना होतात हा गैरसमज आहे. ते कोणत्याही वजनाला होतात. जास्त वजनाच्या मुलीने जेवण सोडलं तर तिचं कौतुक होतं, आणि तिचा आजार महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

११. माझा भाऊ जिममध्ये तासन्‌तास असतो, चांगला पिळदार आहे, तरी स्वतःला काडीपैलवान म्हणतो. हे त्याच प्रकारातलं का?

हो, आरसा तोच, दिशा उलटी. शरीर पुरेसं मोठं नाही असा ध्यास लागण्याला संशोधकांनी १९९७ मध्ये 'मसल डिस्मॉर्फिया' असं नाव दिलं. मुलगे याबद्दल बोलत नाहीत, कारण बाहेरून हे शिस्तीसारखं दिसतं. एक दिवस व्यायाम चुकला तर तो अस्वस्थ होतो का, दुखापत असूनही वजनं उचलतो का, लोकांकडे जाणं टाळतो का, स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतोय का, यावर लक्ष ठेवा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर डॉक्टरांची भेट आजच ठरवा. हृदय, यकृत आणि प्रजननक्षमता तिन्हींवर परिणाम होतो.

१२. माझ्या दहा वर्षांच्या मुलाचं वजन जास्त आहे. त्याला सांगू की नको?

पहिली गोष्ट, तुम्हाला ते दिसलं. जास्त वजनाच्या मुलांचे साधारण निम्मे पालक मुलाचं वजन आहे त्याहून कमी समजतात, असं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर आढळलं आहे.

दुसरी गोष्ट मात्र काळजीची. ज्या मुलांना आईवडील जाड समजतात, त्यांचं वजन पुढच्या वर्षांत जास्त वाढतं, असं ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात दिसलं. मुलाला स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटू लागतं, ते लहान वयातच डाएटच्या मागे लागतं, आणि मग प्रश्न ४ मधलं चक्र दहाव्या वर्षीच सुरू होतं. मिनेसोटामधल्या किशोरवयीनांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळली: ज्या घरांत बोलणं मुलाच्या वजनाबद्दल होतं, तिथली मुलं डाएट आणि वजन उतरवण्याच्या घातक युक्त्यांकडे जास्त वळतात. ज्या घरांत चांगल्या खाण्याबद्दल बोललं जातं, तिथे हे प्रमाण कमी असतं.

तेव्हा मुलाला "तू जाड आहेस" असं सांगायची गरज नाही, त्याला ते शाळेतल्या मुलांनी केव्हाच सांगितलेलं असतं. बदल घराचा करा, एकट्या मुलाचा नको. गोड पेय आणायचं नाही ठरवलं तर ते कुणासाठीच आणू नका. बारीक बहिणीला दुसरा लाडू आणि याला फक्त डोळे, असं करू नका. रोज तासभर धावपळीचा खेळ, वेळेवर झोप, जेवताना पडदा बंद. वाढीच्या वयात वजन उतरवण्यापेक्षा उंची वाढेपर्यंत ते स्थिर ठेवणं बऱ्याचदा पुरतं, पण ते बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. त्याने स्वतः विचारलं, "आई, मी जाड आहे का?", तर "छे, काहीतरीच!" म्हणून उडवून लावू नका. कुणी काही म्हणालं का, ते आधी विचारा आणि पूर्ण ऐका.

१३. सिगारेट सोडली की वजन वाढतं म्हणतात. म्हणून सोडायची भीती वाटते.

वाढतं, पण सगळ्यांचं नाही. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. काहींचं उलट घटतं. हे चार-पाच किलो धरूनसुद्धा सोडण्याचा फायदा कितीतरी मोठा आहे. वजनाच्या भीतीने फुप्फुसं आणि हृदय पणाला लावणं हे चुकीच्या समजुतीचं सगळ्यात महाग उदाहरण आहे. सोडताना लगेच कडक डाएट सुरू करू नका, एका वेळी एकच लढाई.

१४. मी गरोदर आहे. वाढतं वजन पाहून धास्ती वाटते. कमी खाऊ का?

स्वतःच्या मनाने कमी खाऊ नका. अमेरिकेत २००९ मध्ये ठरलेली मर्यादा अशी: आधीचा बीएमआय सर्वसाधारण गटात असेल तर पूर्ण गरोदरपणात ११.५ ते १६ किलो वाढ योग्य, कमी वजन असेल तर १२.५ ते १८, जास्त वजन असेल तर ७ ते ११.५, लठ्ठपणा असेल तर ५ ते ९. आपण कोणत्या गटात आहोत याचा अंदाज चुकला की पुढचं सगळं चुकतं, म्हणून गरोदरपणाआधीचं वजन आणि उंची डॉक्टरांकडे नोंदवून घ्या. जुळी असतील तर हे आकडे लागू नाहीत.

१५. बाबांचं वय बहात्तर. काही न करता सहा किलो कमी झालं, ते खूश आहेत. आम्हीही व्हावं का?

आधी डॉक्टरांकडे न्या. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन उतरलं तर त्याचं कारण शोधायचं असतं: थायरॉइड, मधुमेह, कर्करोग, उदासी, दातांचा त्रास, औषधं. आयुष्यभर "वजन कमी झालं पाहिजे" ऐकलेल्या माणसाला हे बक्षीस वाटतं आणि तिथेच उशीर होतो. उतारवयात उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटाही मोठा असतो. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतं का, ते पाहा.

१६. कोणत्याही दुखण्याला डॉक्टर "आधी वजन कमी करा" म्हणतात. आता जायचीच लाज वाटते.

ही तक्रार खरी आहे आणि ती मी पुष्कळदा ऐकली आहे. लाजेने तपासणी टाळणारे लोक उशिरा येतात, आजार बळावलेला असतो, आणि मग दोष पुन्हा वजनाला जातो. आत जाण्याआधी दोन वाक्यं कागदावर लिहून न्या. "माझ्या वजनाबद्दल आपण बोलू, पण आज मी या दुखण्यासाठी आलेय" आणि "हेच दुखणं बारीक माणसाला असतं तर तुम्ही कोणत्या तपासण्या सांगितल्या असत्या?" वजन करायची खरंच गरज आहे का हे विचारायला हरकत नाही, आणि आकडा पाहायचा नसेल तर काट्याकडे पाठ करून उभं राहता येतं. तरीही ऐकून घेतलं जात नसेल तर डॉक्टर बदला. तपासणी सोडू नका.

१७. औषधांमुळे किंवा आजारामुळे वजन वाढलं असेल तर?

मग स्वतःला दोष देणं आधी थांबवा. स्टिरॉइड, इन्सुलिन, मनाच्या आजारांवरची काही औषधं यांनी वजन वाढतं. थायरॉइड कमी काम करत असेल किंवा पीसीओएस (बायकांमधला संप्रेरकांचा एक बिघाड, ज्यात पाळी अनियमित होते) असेल तरी वाढू शकतं. औषध परस्पर बंद करू नका, पर्याय आहे का ते विचारा. सवयींबद्दल प्रश्न ७ मधलं सगळं तुम्हालाही लागू.

१८. स्वतःला आहे तसं स्वीकारलं तर मी प्रयत्नच सोडून देईन. बरोबर ना?

असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि त्यामागची भीती मला समजते. पण स्वीकारणं म्हणजे आजचं शरीर आजच नीट सांभाळणं. मापाचे कपडे आजच्या अंगाचे घ्या. पोहायचं असेल तर "दहा किलो उतरल्यावर" नको, या आठवड्यात. फोटोत मागे लपू नका. जी माणसं शरीर बारीक होण्याची वाट पाहत जगणं पुढे ढकलतात, त्यांचा व्यायामही पुढे ढकलला जातो. ज्याच्यावर राग आहे त्याची काळजी घेणं फार दिवस जमत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे.

१९. तीस किलो कमी केले, दोन वर्षं टिकवले. तरी आरशात मला जुनीच मी दिसते. असं का?

मनातलं शरीराचं चित्र शरीराइतक्या वेगाने बदलत नाही. दारातून आडवं होऊन जाणं, दुकानात आधी मोठ्या मापाच्या कपड्यांकडे वळणं, खुर्ची आपल्याला पेलेल का हे बसण्याआधी पाहणं, या हालचाली वर्षानुवर्षं मुरलेल्या असतात. त्वचा सैल असेल तर हात लावल्यावर जुनं शरीर अजून तिथेच आहे असं वाटतं.

काही गोष्टी मदत करतात. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून पाहा. जुना एक कपडा ठेवा आणि कधीतरी घालून बघा. डोळे मिटून भिंतीवर आपल्या खांद्यांची रुंदी हातांनी दाखवा, मग टेपने मोजा. अंदाज आणि माप यांतला फरक दर महिन्याला लिहून ठेवा, तो बहुतेकदा कमी होत जातो. शरीराला आता काय जमतं, याकडे लक्ष न्या: पूर्वी न चढलेला जिना, नातवंडाला उचलून घेणं.

एवढं करूनही जाडच वाटत असेल, आणि त्या वाटण्यापायी तुम्ही अजून पाच किलो, मग अजून पाच, असं उतरवत निघाला असाल, तर थांबा आणि प्रश्न १० पुन्हा वाचा. तिथली यादी तुम्हालाही लागू आहे, तुम्ही कितीही मोठ्या वजनापासून सुरुवात केली असली तरी.